जुना ऑसिलोस्कोप (विजेच्या सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) चालू होतो, पंखा फिरतो, पण रेघ दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी ट्रिगर (रेघ कधी सुरू व्हायची ते ठरवणारी सोय) ‘ऑटो’वर ठेवा, ब्राइटनेस वाढवा आणि बीम फाइंडरचं (पडद्याबाहेरची रेघ आत आणून दाखवणारं) बटण असेल तर दाबून बघा. ठिपका दिसला तर पिक्चर ट्यूब जिवंत आहे, रेघ फक्त पडद्याबाहेर गेली आहे.

नाहीच दिसला, तर पॉवर सप्लाय. सर्व्हिस मॅन्युअलमधले सगळे डीसी व्होल्टेज मोजा, रिपलही (डीसीवर उरलेला चढ-उतार) बघा. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणारा भाग) १०० हर्ट्झचा मोठा रिपल दिसला, तर फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकला असण्याची शक्यता दाट. एखादा व्होल्टेज जवळजवळ शून्य असेल, तर त्या लाइनवरचे टँटलम कपॅसिटर तपासा. ते बहुधा शॉर्ट होतात, आणि एकच खराब निघाला तरी सगळी लाइन खाली ओढतो.

व्होल्टेज बरोबर येईपर्यंत एकाही ट्रिमरला (आतल्या जुळणीच्या छोट्या स्क्रूला) हात लावू नका, अगदी कळकळीने सांगतो. बिघाड राहतो बाजूला आणि चांगलं कॅलिब्रेशन हातचं जातं.

पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट असतात. साध्या मल्टिमीटरने ते मोजू नका, हाय-व्होल्टेज प्रोबच हवा. बंद केल्यावरही चार्ज उरतो. तो रेझिस्टरमधून उतरवूनच आत हात घाला.