रक्तमोक्षणाची जुनी हत्यारे : नवीन अभ्यासकासाठी

आपण युरोपातील न्हावी-शल्यवैद्यांच्या, म्हणजे शस्त्रक्रियाही करणाऱ्या न्हाव्यांच्या, रक्त काढण्याच्या हत्यारांचा अभ्यास सुरू करीत आहात, याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला फक्त पाते नीट पाहायला शिका. साध्या नस्तराचे पाते पानासारखे, दुधारी असते आणि ते बहुधा कासवाच्या कवचाच्या दोन पट्ट्यांमध्ये मिटते. फ्लीम या शीर उघडण्याच्या दुसऱ्या हत्याराचे पाते मात्र दांड्याच्या बाजूला काटकोनात बाहेर आलेले असते, कारण ते शिरेवर टेकवून, ठोका देऊन आत घालायचे असते. पितळी म्यानातील मोठ्या पात्यांची फ्लीम माणसांसाठी होती असे समजणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. ती बहुधा घोड्यांसाठी असे.

दुसरी चूक काळाची. लंडनमध्ये न्हावी आणि शल्यवैद्य यांचा एकच संघ होता, तो फुटून ते १७४५ साली वेगळे झाले, त्यामुळे त्वचेवर चिरा पाडण्यासाठी स्प्रिंगच्या झटक्याने १२ किंवा १६ पाती एकदम फिरवणारी पितळी डबी, जी बहुतेक वेळा १९व्या शतकातील असते, ती कोणी ‘न्हाव्याची’ म्हणून दाखवली तर आधी काळ विचारा. तिचा चाप ओढून पाहू नका. जुनी स्प्रिंग तुटते आणि पाती आजही कापतात. पितळ घासून चकचकीत करणेही टाळा, कारण त्याने कारागिराचा ठसा पुसट होतो, आणि मला तर तोच सर्वांत मोलाचा वाटतो. तुंबड्यांच्या, म्हणजे रक्त ओढण्यासाठी त्वचेवर लावायच्या, काचा तूर्त बाजूला ठेवा.