बेळगावात नवीन आहे. कचऱ्याची गाडी आता चार प्रकारांत वेगळा केलेला कचरा मागते. सुक्यात नेमकं काय घालायचं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरहून बदली होऊन वडगावात भाड्यानं आलात, पहिल्याच आठवड्यात गाडीवरच्या बाईनं तुमची बादली तशीच परत केली, आणि ती कन्नडमध्ये काय म्हणाली ते कळलं नाही. घरमालकीण म्हणते सगळं सुकं एका पिशवीत घाला, शेजारी म्हणतो कागद वेगळा, प्लॅस्टिक वेगळं. खरं कोणाचं?

आधी माझं सांगतो, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. शहापुरात माझं रद्दी-भंगाराचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. मी तीस वर्षं तागडी धरतोय. कन्नड गिऱ्हाइकं त्याला 'गुजरी' म्हणतात, मराठी लोक 'भंगार', आणि पाटीवर दोन्ही लिहिलंय. तेव्हा तुमच्या सुक्या कचऱ्यात माझा स्वार्थ आहे, तेवढा वजा करून वाचा.

ती बाई बहुतेक म्हणाली असेल, "हसी कसा बेरे, ओणा कसा बेरे." हसी म्हणजे ओला, ओणा म्हणजे सुका, कसा म्हणजे कचरा आणि बेरे म्हणजे वेगळं. गाडीच्या भोंग्यावर हे पहिल्यांदा लागलं तेव्हा माझी आई पायरीवर तांदूळ निवडत होती. "हसायचं कसं ते शिकवतोय व्हय रे हा?" म्हणाली. आमच्या घरात कचऱ्याच्या गाडीला त्या दिवसापासून हसीकसाच म्हणतात.

आता नियम. हे काल सकाळी कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. बेंगळुरूच्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात कचऱ्यावरून याचिका घातली, त्या खटल्याच्या ओघात २००० साली देशभरासाठी पहिले नियम आले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितले. ते किती जणांनी केले हे तुम्हाला कोल्हापुरातही माहीत असेल. १ एप्रिल २०२६ पासून २०२६ चे नवे नियम लागू झालेत आणि त्यात भाग चार झाले: ओला, सुका, सॅनिटरी आणि 'विशेष काळजीचा'. शिवाय न निवडलेला कचरा डेपोवर नेऊन ओतायचा तर शहरांना जास्त शुल्क पडेल अशी व्यवस्था त्यात आहे. त्यामुळे बादली परत करणाऱ्या बाईवर रागावू नका. तिला वरून विचारणा होते.

चारातले तीन भाग पटकन सांगतो. ओल्यात स्वयंपाकघरातलं सगळं: भाजीची देठं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा, हाडं, निर्माल्यातली फुलं (दोरा आणि प्लॅस्टिकचा हार काढून). सॅनिटरी म्हणजे डायपर, पॅड वगैरे. ते वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि वर लाल पेनानं मोठी खूण करा, म्हणजे निवडणाऱ्याचा हात चुकून त्यात जाणार नाही. विशेष काळजीचा म्हणजे रंगाचे डबे, जुनी औषधं, पाऱ्याचा थर्मामीटर, बल्ब आणि ट्यूब. हे रोज निघत नाही. एका खोक्यात साठवा आणि गाडीवर वेगळं सांगून द्या, नाहीतर ठरवलेल्या केंद्रावर. दिवाळीच्या आधी घर झाडलं की हे खोकं एका दिवसात भरतं. ट्यूब फोडून सुक्यात घालणारे महाभाग दरवर्षी भेटतात. आत पारा असतो हो, शिवाय माझ्याकडच्या पोराचा अंगठा त्यातच कापला होता.

आता सुका. इथंच तुमची घरमालकीण आणि शेजारी दोघं बरोबर आहेत. गाडीला द्यायचं तर एका पिशवीत चालतं, पुढं केंद्रावर निवडतात. पण नियमातला 'सुका' आणि आमच्या धंद्यातला 'माल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुक्यात जे जातं त्यातलं बरंच कुणीच विकत घेत नाही. जे विकत घेतलं जात नाही त्याचं पुन्हा काही होत नाही, मग पिशवीवर कितीही बाणांचा त्रिकोण छापलेला असू दे. त्या त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो तो प्लॅस्टिकची जात सांगतो. ते परत वापरलं जाईल अशी हमी देत नाही.

परवा टिळकवाडीतल्या एका बाईंनी गोणी आणून टाकली. "सगळं सुकं आहे, धुतलंय पण," म्हणाल्या. मी त्यांच्यासमोरच ताडपत्रीवर ओतली. वर्तमानपत्रं निघाली, चांगली. पुठ्ठ्याची खोकी, चांगली, फक्त एकाला पिझ्झाचं तेल लागलेलं, ते बाजूला. पाण्याच्या बाटल्या वीसेक. शॅम्पूच्या जाड बाटल्या तीन. दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा, धुवून वाळवून रबर लावलेला. अशी गिऱ्हाइकं देवानं रोज पाठवावीत. आणि मग खालचा अर्धा ढीग: चिप्सची आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटं, चहाचे कागदी कप, रसाची टेट्रापॅक खोकी, दुकानांच्या गुळगुळीत पावत्या, थर्माकोल. वजनाला नगण्य, आकाराला डोंगर. त्यातलं मी काहीच ठेवलं नाही. बाईंचा चेहरा पडला.

कारण साधं आहे. चिप्सच्या पाकिटात दोन-तीन पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात, प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ थर. ते सुटे करायचा खर्च मालापेक्षा जास्त. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा लेप असतो, म्हणून तर चहा गळत नाही, आणि म्हणूनच साधी कागद-मिल तो घेत नाही. टेट्रापॅकमध्ये बहुतांश कागदच असतो, पण त्याला वेगळा कारखाना लागतो, माझ्यासारख्या दुकानदाराकडून तो माल कुणी उचलत नाही. हे सगळं गाडीच्या सुक्यातच घाला, माझ्याकडे आणू नका. निवडून झाल्यावर असला जळणारा कचरा सिमेंटच्या भट्ट्यांत कोळशाच्या जोडीला इंधन म्हणून वापरतात. डोंगर होऊन पडण्यापेक्षा ते बरं. पण पाकीट पुन्हा पाकीट होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पाण्याच्या बाटलीचं उलट. ती चिरडून, कुटून, चुरा पाण्याच्या टाकीत सोडतात. बाटलीचं प्लॅस्टिक बुडतं, झाकणाचं तरंगतं, कारण दोन्हींची जात वेगळी. वर आलेलं गाळून घेतात. त्यामुळे झाकण काढून द्यायलाच पाहिजे असं नाही, मात्र बाटली रिकामी करून, हवा काढून, दाबून द्या. बाटलीच्या चुऱ्याचा पुढं धागा होतो. तुमच्या उशीत जो कापूस म्हणून भरलाय तो त्यातलाच असू शकतो.

दुधाच्या पिशवीचं मात्र मनापासून सांगतो. नंदिनी असो नाहीतर तुमच्या कोल्हापूरकडचं दूध, पिशवीचं प्लॅस्टिक चांगल्या जातीचं असतं, त्याला गिऱ्हाईक आहे. पण लोक कात्रीनं कोपरा कापतात आणि तो नखाएवढा तुकडा ओट्यावरून थेट मोरीत किंवा ओल्या बादलीत जातो. मग तो खतात सापडतो, शेतात सापडतो, गटाराच्या जाळीत सापडतो. वेचायला कुणाच्या बापाला जमत नाही. कोपरा पूर्ण तोडू नका, थोडा लोंबता ठेवा. नंतर पिशवी उभी चिरा, भांडी विसळलेल्या पाण्यातून एकदा काढा आणि खिडकीच्या गजाला उलटी अडकवा. दुपारपर्यंत वाळते. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते, मुंग्या लागतात आणि तिच्याखालची सगळी रद्दी वास मारते.

यावरून ओलाव्याचं सांगितलंच पाहिजे, कारण तुम्ही बेळगावचा पाऊस अजून बघितलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवत असेल, तुमच्या कोल्हापुरालाही त्यानं सोडलं नव्हतं. माझं गोदाम तेव्हा नाल्याच्या अंगाला होतं. भाडं कमी म्हणून घेतलेलं, दोष कुणाचाच नाही, माझ्या कंजूषपणाचा. दर पडलेत, चढले की विकू म्हणून मी चार महिने रद्दी रचून ठेवली होती. पाणी गुडघ्याएवढंच आलं, पण खालच्या थरांनी ते वर ओढून घेतलं. ओली रद्दी फुगते. गठ्ठ्यांच्या सुतळ्या एकेक करून तटातटा तुटत होत्या, तो आवाज अजून कानात आहे. चौथ्या दिवशी बुरशी आली. मिलवाले एरवी थोड्या ओलाव्याची वजनात कपात धरतात, पण तो लगदा त्यांनी बघायलाही नकार दिला. पैसे देऊन ट्रॅक्टरनं उचलायला लावला. माल होता, चार दिवसांत कचरा झाला, आणि मधे फक्त पाणी आलं.

तुमच्या घरात हेच छोट्या मापात होतं. भाजीच्या पिशवीचं पाणी, डब्याच्या तळाचं सांबार, अर्धी राहिलेली थंड पेयाची बाटली. एकानं गोणीतले दोन किलो कागद जातात. म्हणून माझा एकच आग्रह आहे: वेगवेगळ्या सात बादल्या ठेवू नका, पण सुकं ते खरोखर सुकं ठेवा. दारामागं एक गोणी कागद-पुठ्ठ्याची, एक बाकीच्या सुक्याची, झालं. पावसाळ्यात ती जिन्याखाली ठेवू नका, वडगावातल्या जुन्या घरांच्या भिंती ओल धरतात.

भंगारवाल्याला द्यायचं की गाडीला, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या महिन्यात विचाराल. रद्दी, पुठ्ठा, लोखंड, पत्रा, अॅल्युमिनियम, जाड प्लॅस्टिक, धड बाटल्या आम्हाला द्या, रोकड मिळेल. दर रोज हलतो, दोन दुकानांत विचारा आणि तागडीकडे लक्ष ठेवा, हे मी स्वतः सांगतोय. बाकीचं सुकं गाडीला. दारोदार फिरणाऱ्या, पाठीवर पोतं घेतलेल्या बायका आल्या तर थोडं त्यांना द्या. शहराचं निम्मं काम त्या कुणी न नेमता करत आल्यात.

"वेगळं करून काय उपयोग, गाडीत सगळं एकत्रच जातं" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक गल्लीत, प्रत्येक शहरात ऐकू येईल. एकदा स्वतः गाडीच्या मागं जाऊन बघा. हौद्यात आडवी पट्टी आहे का, सुक्याला बाजूला गोण्या लटकवल्यात का. पट्टी नसेल तर सुकं ठरलेल्या दिवशीच द्या, रोज देऊ नका. दिवस गल्लीप्रमाणे बदलतात, मुकादमाला विचारलं की सांगतो. आणि घर नेमकं कुणाच्या हद्दीत येतं ते घरपट्टीच्या पावतीवर बघून घ्या. वडगाव महानगरपालिकेत आहे, पण उद्या कॅम्पात खोली घेतलीत तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, हिंडलग्याला गेलात तर ग्रामपंचायत. गाडी वेगळी, वेळ वेगळी, तक्रारीचं दारही वेगळं. पालिकेच्या हद्दीत घरपट्टीबरोबर घनकचऱ्याचा उपकर भरावा लागतो, तेव्हा घरमालकीण 'कचऱ्याचे वेगळे' म्हणून काही मागायला लागली तर आधी पावती दाखवा म्हणावं.

डेपो वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर तुरमुरीला आहे. सावंतवाडीला जाताना एकदा तिथून काच खाली करून जा, मग दुधाच्या पिशवीचा कोपरा आपोआप जपाल.

गाडीवरच्या बाईचं राहिलं. इथं सफाई कामगारांना 'पौरकार्मिक' म्हणतात, तिला तुम्ही 'अक्का' म्हणा. उद्या दोन्ही पिशव्या हातात घेऊन उभे राहा आणि सुकी पुढं करून म्हणा, "अक्का, इदु ओणा कसा." उच्चार चुकला तरी चालेल. "कालच असं द्यायचं की ओ," असं उत्तर बहुतेक मराठीतच येईल.