पिशवी ठेवून लगेच उठू नका

वाचकांचे प्रश्न : चर्चमधलं सेवाकार्य. उत्तरं देत आहेत वसईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचं (एसव्हीपी), म्हणजे गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या संस्थेचं, काम २२ वर्षं करणाऱ्या, सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका.

प्रश्न : मी शाळेत लिपिक होतो, मार्चमध्ये निवृत्त झालो. फादरांनी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) थांबवून विचारलं, एसव्हीपीत येता का? नाताळच्या आधी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. १५ घरांत धान्याच्या पिशव्या दिल्या, दारोदार फोटो काढले, दोन तासांत मोकळे. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. हे काम असंच असतं का? माझ्यासारख्याला यात काय जमणार?
– एक वाचक, नालासोपारा

उत्तर : तुम्हाला जेवण गेलं नाही हे वाचून मला बरं वाटलं. राग मानू नका. मला अशाच एका दिवशी चांगलं जेवण गेलं होतं, म्हणून सांगते.

माझं ते पहिलंच वर्ष होतं. ज्या घरी गेलो तिथे आई आणि नववीतली मुलगी, वडील दारूने गेलेले. आई चार घरची धुणीभांडी करायची. आम्ही तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर घेऊन गेलो. कुणीतरी फोटो काढला आणि तो चर्चच्या फलकावर लागला. पुढच्या रविवारपासून ती मुलगी धर्मशिक्षणाच्या वर्गाला यायची बंद झाली. का, हे कळायला मला तीन महिने लागले. मी आईचं बीपी तपासत होते, तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, "सिस्टर, वर्गातल्या पोरी तिला तांदूळवाली म्हणतात." त्या फोटोत मीही होते. हसत होते.

तेव्हापासून आमच्या गटात फोटो बंद. देणगीदाराला हिशोब हवा असतो, तो कागदावर द्यावा, पावतीसकट. तुमच्याकडेही पहिल्याच बैठकीत हा विषय काढा. नवीन माणसाने कशाला बोलायचं असं मनात येईल, पण नव्या माणसालाच ते खटकतं. जुन्यांना सवय झालेली असते.

आता काम असंच असतं का, तर नाही. पिशव्या वाटणं हा आमच्या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे, म्हणून तर त्याला माणसं मिळतात. ही सोसायटी २३ एप्रिल १८३३ला पॅरिसमध्ये सुरू झाली. फ्रेडरिक ओझानाम नावाचा विद्यार्थी, त्याच दिवशी त्याला २० वर्षं पूर्ण झाली होती, आणि त्याचे काही सोबती. गरिबांसाठी काहीतरी करायचं एवढंच डोक्यात होतं, पण गरिबाच्या दारात जाऊन काय बोलायचं हे या शिकलेल्या पोरांना कुठे माहीत? रोझाली रेंदू नावाच्या सिस्टर (धर्मभगिनी) त्याच वस्तीत काम करायच्या, त्यांनी पोरांना घरं दाखवली, वागायचं कसं ते शिकवलं. आमच्या पुरुष मंडळींना मी हे अधूनमधून ऐकवते.

तेव्हाची पद्धत आजही तीच आहे. दोघांनी मिळून जायचं, शक्यतो दर वेळी त्याच दोघांनी, त्याच घरी. आठवड्याच्या बैठकीत तोंडी अहवाल द्यायचा. शेवटी एक कापडी पिशवी फिरते, तिच्यात ज्याने त्याने मूठ घालायची. कुणी ५०० टाकले, कुणी १०, कुणी रिकामी मूठ उघडली, कुणाला कळत नाही. आम्ही ज्यांच्याकडे जातो त्यांना 'दत्तक कुटुंब' म्हणायची रीत आहे. मला तो शब्द अजून पचलेला नाही. घरात धडधाकट आई बसलेली असताना आपण कोण दत्तक घेणारे?

घरी गेलात की चपला बाहेर काढा. ते बसतात तिथे बसा, खुर्ची पुसून पुढे केली तरी. चहा दिला तर प्या. साखर कमी पडली असेल, नाव काढू नका. स्वयंपाकघरात डोकावू नका. आणि काय हवंय ते विचारा, आपणच ठरवून जाऊ नका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा गावकऱ्यांनी आधी दवाखाना मागितला नव्हता. त्यांना पाणी आणि अन्न हवं होतं. डॉक्टर असून त्यांनी ते ऐकलं. आपण तर तांदूळवाले.

तुम्हाला काय जमणार, हे विचारता? अहो, लिपिक माणूस आम्हाला शोधून मिळत नाही! आमच्या एका घरात ३८ वर्षांची विधवा, दोन मुलं. संजय गांधी निराधार योजनेत ती बसत होती. महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १८,०००. एका घराला आम्ही वर्षभरात देतो त्या पिशव्यांची किंमत त्याच्या जवळपासही जात नाही. पण वर्षाचं उत्पन्न २१,०००च्या आत असल्याचा दाखला हवा, आणि नवऱ्याचं नाव मृत्यूच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. तहसील कार्यालयात ती दोनदा गेली, दोन दिवसांची मजुरी बुडाली, तिसऱ्यांदा गेलीच नाही. पुढे आमच्यातले एक निवृत्त तलाठी तिच्याबरोबर जायला लागले. प्रतिज्ञापत्र, दुरुस्ती, बँकेत आधार जोडणी, असं करत सात महिने. या सात महिन्यांत त्यांनी तिला तांदळाचा एक दाणाही दिला नाही. ती अजूनही नाताळला त्यांच्या घरी करंज्या घेऊन जाते, आमच्याकडे नाही.

क्षयरोग्यांचंही तसंच. सरकार पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये देतं (नोव्हेंबर २०२४च्या आधी ५०० होते), पण खात्यात काही घोळ असला की ते अडकतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रोग्याला बरं वाटायला लागतं आणि नेमक्या तेव्हाच तो गोळ्या सोडतो. साधा क्षय असला तरी सहा महिने घ्याव्या लागतात. तिथे दर शनिवारी जाऊन "पाकीट दाखव बघू" म्हणणारं माणूस लागतं. त्याला पदवी लागत नाही.

तेव्हा या. फक्त आधी सांगून ठेवा की मला दोनच घरं द्या, १५ नकोत.

प्रश्न : आम्ही हिंदू आहोत. शेजारच्या ख्रिस्ती मैत्रिणीबरोबर मी चर्चच्या वैद्यकीय शिबिरात नाव लिहायला बसले होते, मला आवडलं. सासूबाई म्हणतात, ते लोक धर्म बदलायला लावतात. जाऊ की नको?
– एक वाचक, विरार

उत्तर : सासूबाईंची शंका उडवून लावू नका. ती त्यांच्या एकट्यांची नाही, आणि सगळीकडे सगळं स्वच्छच असतं असं मी शपथेवर सांगणार नाही. मी माझ्या गटापुरतं सांगते. आमच्या यादीतली निम्मी घरं ख्रिस्ती नाहीत. पिशवीत पत्रक नसतं, शिबिरात प्रार्थनेला बसायची अट नसते. पोट रिकामं असलेला माणूस तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. अशा वेळी त्याच्यापुढे धर्म ठेवणं म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा उठवणं. असं कुठे होताना दिसलं तर तुम्ही उठून या, आणि का उठलात ते फादरांना सांगून या.

पण तुमच्यासारख्या बायका आम्हाला का हव्यात तेही ऐका. जुलै २०१८मध्ये वसई-विरार पाण्यात होतं, लोकल बंद, वीज नाही. आम्ही एका शाळेच्या सभागृहात खिचडी शिजवत होतो. आमच्यातल्या एका बाईंनी चव यावी म्हणून सुके बोंबील काढले. पिशवी सोडणार, इतक्यात मदतीला आलेली गुजराती शेजारीण किंचाळली, "ताई, समोर बसलेत त्यातले अर्धे जण उपाशी उठतील!" आम्हा १२ जणींपैकी एकीच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. बोंबील परत घरी गेले.

पुढच्या शिबिराला सासूबाईंनाच घेऊन या. बीपी मी स्वतः तपासेन.

प्रश्न : मी गेलं वर्षभर एका घरी जाते. तिथल्या बाईंनी माझ्याकडे ५,००० रुपये उसने मागितले. "कुणाला सांगू नका" म्हणाल्या. काय करू?
– एक वाचक, पालघर

उत्तर : एकटीने देऊ नका. मी दिले होते एकदा, दोन हजार. पैसे गेल्याचं दुःख नव्हतं, पण त्यानंतर मी समोरून येताना दिसले की ती बाई गल्ली बदलायची. माझ्या पैशांनी मीच त्या घराचं दार माझ्यासाठी बंद केलं.

आधी कशासाठी हवेत ते विचारा. औषधासाठी असतील तर गट दुकानदाराला देईल, फीसाठी असतील तर शाळेत भरेल. बचत गटाचा हप्ता किंवा सावकार असेल तर ५,०००ने भागणार नाही, तिथे हिशोब मांडून बसावं लागेल. त्यांना तोंडावर सांगा : "मी एकटी देत नाही, पण माझ्या जोडीदारणीला विचारते. आम्हा दोघींबाहेर कुणाकडून मदत घ्यायची असेल तर आधी तुम्हाला विचारू." बहुतेक जणी हो म्हणतात. त्यांना भीती गावभर होण्याची असते. ती खरीही आहे. मी स्वतः एकदा मासळीबाजारात एका घरच्या कर्जाबद्दल बोलून गेले होते, मागे त्याच घरची नणंद कोळंबी निवडत उभी होती.

मात्र एक गुपित राखायचं नाही. घरात लहान मुलावर अत्याचार होतोय असं कळलं किंवा तशी दाट शंका आली, तर "कुणाला सांगू नका"ला तिथे किंमत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, तुम्हालाही आणि फादरांनाही. "चर्चमध्येच मिटवू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे, रात्रीअपरात्रीही लागतो. तो आजच फोनमध्ये टाकून ठेवा.