पीपीओ आणि आधार शेजारी शेजारी ठेवून बघा

माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात सोलापूरचे एक निवृत्त सुभेदार. मराठा लाइट इन्फंट्रीत त्यांची सारी नोकरी झाली. आता ते जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या कागदपत्रांचं काम विनामोबदला करतात.

प्रश्न : माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून नायक म्हणून पेन्शनवर आले होते. दोन महिन्यांपूर्वी वारले. सासूबाईंच्या फॅमिली पेन्शनसाठी गेलो, तर पीपीओवरचं (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचं) नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून परत पाठवलं. पीपीओवर माहेरचं नाव आहे, जन्मतारीखही वेगळी आहे. ओळखीतला एक जण म्हणतो, पंधरा हजार द्या, सगळं करून आणतो. द्यावेत का?
— एक सून, मोहोळ तालुका

उत्तर : ताई, एक रुपयाही देऊ नका. तुमच्या सासूबाईंचा हक्क कुठे गेलेला नाही. फॅमिली पेन्शन सासरे वारले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते. कागदाला चार-सहा महिने लागले तरी मधली थकबाकी मिळते.

आधी एक सावधगिरी. सासरे वारल्यानंतरही त्यांची पेन्शन खात्यात जमा झाली असेल, तर ती काढू नका. एटीएम कार्ड घरात असतं, दिवसकार्याचा खर्च डोक्यावर असतो, आणि घरचे पैसे काढून बसतात. ती रक्कम नंतर वसूल होते आणि नेमकी सासूबाईंच्या पेन्शनमधून कापली जाते. मृत्यूची माहिती स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत आणि पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला कळवली नसेल तर याच आठवड्यात कळवा. स्पर्शचं काम सीएससी केंद्रावरही होतं.

आता नावाचं. हा घोळ एकट्या तुमच्या घरचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या वीसातल्या दहा फायली याच असतात. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात. माहेरची कोंडाबाई सासरी लक्ष्मी होते. जवान मात्र पंधरा दिवसांच्या रजेवर येऊन बोहल्यावर उभा राहिलेला. पलटणीत परत गेल्यावर कंपनीच्या क्लार्कने विचारलं, बायकोचं नाव काय? त्याने सोयरीक जुळताना ऐकलेलं नाव सांगितलं. सांगणारा सांगोल्याचा, लिहिणारा केरळचा, म्हणून स्पेलिंगही तिसरंच झालं. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती, अंदाजाने टाकली. त्या नोंदीची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्करी दप्तरातला आदेश, निघाली आणि तेच नाव पीपीओपर्यंत गेलं. पुढे चाळीस वर्षं कुणी ते पान उघडलं नाही.

दुरुस्तीचा रस्ता सरळ आहे. 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत' असं प्रतिज्ञापत्र सासूबाईंनी मॅजिस्ट्रेटसमोर करायचं. नुसत्या नोटरीवर भागवू नका, तो कागद परत येतो. वर्तमानपत्रात नावाची जाहिरात द्यायची आणि तो अख्खा अंक जपून ठेवायचा. मृत्यूचा दाखला, सासऱ्यांचं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं नोंदपुस्तक), पीपीओ, सासूबाईंचं आधार, पॅन, बँक पासबुक आणि फोटो घेऊन सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला असेल तर जोडा. नसेल तर तिथेच विचारा, वयाचा कुठला पुरावा चालेल ते सांगतात. कार्यालय प्रकरण बेळगावला पाठवतं, तिथे नोंद दुरुस्त होते आणि प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओ येतो. या कामाला कार्यालयात फी नाही. तुमचा खर्च प्रतिज्ञापत्र, जाहिरात आणि एसटीच्या तिकिटाचा.

रक्कम किती, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगून ठेवतो. साधारण फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते आणि दरमहा ९,००० रुपयांच्या खाली जात नाही. त्यावर महागाई भत्ता वेगळा.

आणि आता ताईंचं उत्तर वाचणाऱ्या हयात माजी सैनिकांना सांगतो. आज जेवण झालं की ट्रंक उघडा. पीपीओ आणि बायकोचं आधार शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षरन् अक्षर जुळवून बघा. आपल्या रायफलचा बट नंबर आजही झोपेत सांगणारी माणसं बायकोची जन्मतारीख विचारली की मुलाच्या तोंडाकडे बघतात. याचा मला राग येतो, कारण त्याची किंमत त्या बाईला मोजावी लागते, तीही कुंकू पुसलेल्या कपाळाने रांगेत उभं राहून. तुम्ही जिवंत असताना ही दुरुस्ती तुमच्या एका सहीच्या अर्जाने सुरू होते. तुमच्यामागे तिलाच सिद्ध करावं लागतं की ती तुमची बायको होती.

प्रश्न : तुम्ही या कामात कसे आलात? निवृत्तीनंतर आराम करावा असं वाटलं नाही का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : बेटा, मी बार्शी तालुक्यातला. घरची जमीन कोरडवाहू, ज्वारी आली तर आली. दहावी झालो आणि बेळगावला भरती झालो. पुढे कुपवाडा, सिक्कीम, राजस्थान, पलटण जाईल तिथे. सुभेदार होऊन घरी आलो तेव्हा मुलांच्या शिक्षणासाठी सोलापुरात विजापूर रोडला घर केलं. साखर कारखान्यावर सुरक्षा अधिकाऱ्याची जागा मिळत होती. आमच्यातले पुष्कळ जण तेच करतात, आणि ते मानाचं काम आहे. मीही होकार देणार होतो.

त्याच सुमारास गावी एका आजोबांकडे गेलो. ते जंगी पलटणीतले, म्हणजे पहिल्या मराठाचे. ११ डिसेंबर १९७१ ला आजच्या बांगलादेशातलं जमालपूर पडलं तेव्हा ते तिथे होते. पेन्शनला पंधरा वर्षांची नोकरी लागते, यांना सात वर्षांतच घरी पाठवलेलं. त्यामुळे पेन्शन शून्य. उतारवयात दुसऱ्याच्या रानात राखणीला जात होते. त्यांनी खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली. आत 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही १९७१ ची पदकं धोतराच्या चिंधीत गुंडाळलेली, खाली डिस्चार्ज बुक. एक कोपरा उंदराने कुरतडलेला, पण आर्मी नंबर शाबूत. मला म्हणाले, शेवटच्या पानावर काय लिहिलंय ते वाच, मला कधी कुणी वाचून दाखवलं नाही. तिथे कॅरेक्टरच्या रकान्यात 'एक्झम्प्लरी' असा शेरा होता. लष्करात त्याच्या वरचा शेरा नाही. मी अर्थ सांगितला. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, आणि विचारलं, "म्हणजे मी चांगला शिपाई होतो ना?"

ज्याच्या पलटणीने जमालपूर घेतलं, त्याला हे इतकी वर्षं कुणी सांगितलेलं नसावं, हे मला सहन झालं नाही. आणि पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्या सैनिकाला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळतं, हेही त्यांच्यापर्यंत पोहोचलेलं नव्हतं. तेव्हा ते चार हजार होतं. अर्ज केला, मंजूर झाला. पहिल्या हप्त्यातून त्यांनी चष्मा केला आणि राखणीचं काम सोडलं. ते आता नाहीत, पण मरेपर्यंत त्यांनी कुणाच्या बांधावर रात्र काढली नाही. कारखान्याला मी नकार कळवला. माझी पेन्शन मला पुरते.

आता बाजाराच्या दिवशी एखाद्या तालुक्याच्या गावी जातो, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसतो. पिशवीत शाईचा पॅड, स्टेपलर, कोरे फॉर्म आणि अंगठ्याचं मशीन. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी गर्दी होते. ज्यांनी फौजेनंतर आयुष्य ऊस तोडण्यात किंवा पूर्व भागातल्या मागावर काढलं, त्यांच्या अंगठ्याच्या रेषाच उरत नाहीत. मशीन नकार देतं. माणूस समोर बसलाय, श्वास घेतोय, आणि मशीन म्हणतं जुळत नाही. पूर्वी अशांना माघारी पाठवायचे. आता जीवन प्रमाणच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवून दाखला निघतो. फक्त उजेडाकडे तोंड करून बसवायचं, पागोटं जरा वर सरकवायचं आणि पापणी मिटायला सांगायची. कुणाच्याही मोबाइलवर होतं. तुझ्यासारख्या मुलामुलींनी आपल्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांचं एवढं काम केलं, तरी पुष्कळ होईल.

आरामाचं विचारलंस. दमतो, विशेषतः मे महिन्यात, सोलापूरचं ऊन तुला माहीत आहे. पण घरी बसलो तर जास्त दमेन.

प्रश्न : मीही १९७१ च्या लढाईनंतर काही वर्षांनी पेन्शनशिवाय घरी आलो. वय ७५. डिस्चार्ज बुक पुरात गेलं. मला काही मिळेल का?
— एक माजी शिपाई, पंढरपूर तालुका

उत्तर : काका, जय हिंद. वर ज्या आजोबांबद्दल लिहिलं, तेच अनुदान तुमच्यासाठी आहे. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरील, पेन्शन आणि नियमित उत्पन्न नसलेल्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला ते आयुष्यभर मिळतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते दुप्पट झालं, म्हणजे दरमहा ८,००० रुपये. अर्ज ऑनलाइन असतो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे जातो. ज्यांनी 'चार हजारांसाठी कोण हेलपाटे घालणार' म्हणून सोडून दिलं होतं, त्यांनी आता पुन्हा उठावं.

बुक पुरात गेलं म्हणून तुमची नोकरी वाहून गेली नाही. पोलिस ठाण्यात हरवल्याची नोंद करा, तिची प्रत घ्या. तुमचा आर्मी नंबर, पलटण आणि भरतीचं साल एका कागदावर लिहा. नंबर तुम्हाला पाठ असणारच. रेकॉर्ड ऑफिसला तुमची नोंद असते, त्यावरून हरवलेल्या बुकाच्या ऐवजी प्रमाणपत्र मागता येतं. मराठाचे असाल तर बेळगाव, महार रेजिमेंटचे असाल तर सागर, तोफखान्याचे असाल तर नाशिक रोड. माजी सैनिकाचं ओळखपत्र झालं की घरपट्टीचंही बघा. राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या मालमत्ता करातून सूट दिली आहे.

प्रश्न : माझ्या भावाला २०१९ मध्ये लो मेडिकल कॅटेगरीमुळे, म्हणजे तब्येतीचा दर्जा घसरला म्हणून, फौजेतून घरी पाठवलं. आजार नोकरीमुळे झालेला नाही, असं सांगून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. आता काही करता येईल का?
— एक वाचक, माढा तालुका

उत्तर : करता येईल, पण नकाराचं पत्र आणि मेडिकल बोर्डाची कार्यवाही हातात असल्याशिवाय नाही. ती नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा. पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं. मुदत गेली असेल तर उशिराचं कारण लिहून करा. तिथेही नकार आला तर दुसरं अपील आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं मुंबईला पीठ आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असं धरायचं. नंतरचा आजार नोकरीशी संबंधित आहे, हे सिद्ध करायची जबाबदारी जवानाची नाही. म्हणून बोर्डाच्या कागदात बघा : अपंगत्व २० टक्के किंवा जास्त आहे का, आणि 'आजार नोकरीमुळे नाही' याचं कारण दिलंय की नुसता शिक्का मारलाय. कारण नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागू आहेत, तुमचा भाऊ त्याआधीचा आहे. हे वकिलालाही सांगा.

भाऊ नैराश्यात असल्याचं तुम्ही पत्रात लिहिलंय. त्याला एकट्याला अर्ज लिहायला बसवू नका. येताना त्यालाही घेऊन या, आधी चहा घेऊ, कागद नंतर बघू.

प्रश्न : वडील हवालदार होते. मी बी.एस्सी. नर्सिंगला आहे. शिष्यवृत्ती कोणती?
— एक मुलगी, अक्कलकोट

उत्तर : पंतप्रधान शिष्यवृत्ती. मुलींना दरमहा ३,००० रुपये. बारावीला ६० टक्के लागतात आणि पहिल्या वर्षीच अर्ज करावा लागतो. पहिल्या वर्षाला असशील तर केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर शेवटची तारीख आजच बघ. पुढच्या वर्षात असशील तर ही संधी गेली, पण पदवीपर्यंतच्या मुलांसाठी दरमहा २,००० रुपयांचं शिक्षण अनुदान आहे. वडिलांचं डिस्चार्ज बुक, तुझी मार्कलिस्ट आणि पासबुक घेऊन जिल्हा कार्यालयात जा, आणि ते नर्सिंगला मिळतं का तेही विचार. त्या बुकात तुझं नाव आणि जन्मतारीख नोंदलेली आहे का, ते मात्र निघण्याआधी घरीच तपासून घे.