नाताळाच्या नटक्रॅकर बाहुलीने अक्रोड फुटतो का, की घरातला अडकित्ताच बरा?

वाशीच्या मॉलमधून मुलीसाठी आणलेल्या लाकडी शिपायाच्या तोंडात अक्रोड फोडता येईल का, आणि नाहीच जमलं तर आजीचा अडकित्ता चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, दोन्ही नकोत.

शिपायाच्या पाठीमागचा दांडा उचलून पाहा. जबडा खाली येतो, पण त्या फटीत आपल्याकडचा काश्मिरी अक्रोड बहुधा मावतच नाही. बळेच कोंबून दांडा दाबलात तर आतली बारीक खिळी निखळेल. आता मिळणाऱ्या बहुतेक बाहुल्या शोभेसाठीच केलेल्या असतात.

मुळात मात्र त्या कामाच्याच होत्या. जर्मनीत सॅक्सनी प्रांतात, चेक सीमेला लागून एर्त्सगेबिर्गे नावाचा डोंगराळ खाणपट्टा आहे. तिथल्या खाणींना उतरती कळा लागली तशी माणसं लाकूडकामाकडे वळली. सायफेन गावच्या विल्हेल्म फ्युश्टनर यांनी १८७० च्या सुमारास लाकूड कातून अशा बाहुल्या मोठ्या संख्येने बनवायला घेतल्या. रूपं कोणाची, तर राजा, शिपाई, पोलीस. एरवी हुकूम सोडणाऱ्यांच्या तोंडात कठीण कवच द्यायचं आणि त्यांच्याकडून कष्ट करून घ्यायचे! खाणकामगारांच्या मुलखातली ही कल्पना मला फार आवडते. नाताळाशी या बाहुल्यांचं नातं जगभर पक्कं झालं ते पुढे, रशियन संगीतकार चायकोव्स्कीच्या १८९२ च्या ‘नटक्रॅकर’ या बॅलेमुळे.

आता अडकित्ता. तो कापायचं हत्यार आहे, फोडायचं नाही. वरच्या पात्याला धार, खालचा दांडा बोथट. सुपारी आतून भरीव असते, म्हणून पात्याखाली धरली की जागची हलत नाही. बिजागरीच्या जितकी जवळ धराल तितका हाताला जोर कमी लागतो. अक्रोड गोल आणि पोकळ. तो पात्याखालून निसटतो आणि बोट मध्ये येतं. फुटलाच तर गराचा भुगा होतो, शिवाय पात्याची धार जाते ती वेगळीच.

अक्रोडाच्या दोन वाट्या जिथे जुळतात तिथे शिवण असते. तिच्या बसक्या टोकाला जरा मऊ जागा सापडते. अक्रोड फडक्यात धरून तिथे बोथट, जाड सुरीचं टोक घाला आणि पिरगळा, बहुतेक वेळा दोन वाट्या सुट्या होतात. पातळ सालीचे कागदी अक्रोड असतील तर दोन अक्रोड एकाच मुठीत घेऊन एकमेकांवर दाबले तरी एक फुटतो. ते तुम्हाला वाशीतल्या एपीएमसी या घाऊक बाजाराच्या मसाला मार्केटमध्ये मिळतील. काश्मीरचा माल सप्टेंबरात उतरतो, त्यामुळे दिवाळीपासून नाताळापर्यंत ताजा असतो. फोडलेला गर आपल्या दमट हवेत लवकर खवट होतो, तेव्हा लागतील तेवढेच फोडा.

अक्रोड फोडायला नटक्रॅकर विकतच घ्यायचा तर पकडीसारखा दोन दांड्यांचा घेऊ नका, स्क्रूचा घ्या. पकडीत जोर एकदम पडतो आणि गर चिरडतो. स्क्रू हळूहळू आवळत जातो, तडा गेला की थांबता येतं, आणि म्हाताऱ्या माणसांनाही तो झेपतो.

शिपाई पावसाळ्यात कोरड्या डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरेल. आजीच्या अडकित्त्याच्या बिजागरीत तेलाचा थेंब सोडा आणि तो सुपारीसाठीच राखा. आणि पुण्याला जाणं झालं तर मुलीला राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते जरूर दाखवा.