पियानोच्या मास्टर्ससाठी राहतं घर तारण ठेवावं का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी २३ वर्षांची, अमेरिकेतल्या एका खासगी संस्थेत पियानो परफॉर्मन्सच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. निम्मी फी माफ, तरी दोन वर्षांचे ४५ लाख उभे करायचेत. त्यासाठी फ्लॅट तारण ठेवायचा आणि घरातला पियानोही विकायचा विचार आहे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून रात्री दहानंतर ती मधलं पेडल दाबून, तारांपुढे फेल्टची पट्टी उतरवून वाजवत बसते, हेही तुम्ही लिहिलंय. अशा मुलीला शिकवायचंच. पण या कर्जावर नाही.

हिशेब मांडू. व्याज ११ टक्के, निम्मी रक्कम पहिल्या वर्षी, निम्मी दुसऱ्या. शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता नाही, पण व्याज चढतच राहतं. तेच १२ लाखांवर जातं. मग दहा वर्षं दरमहा सुमारे ७९ हजारांचा हप्ता. आज ती १८ मुलांना शिकवून ५४ हजार मिळवते. हप्त्यासाठी शिकवण्या वाढवत गेली, तर स्वतः रियाज कधी करणार? शिवाय तुमचे यजमान सहा वर्षांनी निवृत्त होतील, तेव्हा सात वर्षांचे हप्ते बाकी असतील आणि घर बँकेकडे असेल.

एक वर्ष थांबा. जर्मनीत वायमार, कोलोन, हानोफरच्या सरकारी संगीत विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरला काहीशे युरो भरावे लागतात. (बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र आपल्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात.) व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात, ते तिच्याच राहण्या-जेवण्याचे, दरमहा तिलाच मिळतात. युरो १०५ रुपये धरला तर दोन वर्षांचे २५ लाख, वर प्रवास आणि परीक्षांचे तीन-साडेतीन लाख. तिच्या नावाचे २२ लाख म्युच्युअल फंडात आहेत. उरलेलं कर्ज सात लाखांच्या आत, त्याला सहसा तारण लागत नाही. तो फंड इक्विटीत असेल तर आत्ताच एफडीत वळवा. वर्षा-दीड वर्षात लागणारा पैसा बाजारात ठेवू नये.

प्रवेशपरीक्षा कठीण असते, जर्मनही शिकावं लागेल. म्हणून हे वर्ष भाषेला आणि ऑडिशनच्या तयारीला द्या. अमेरिकाच हवी असेल तर येल स्कूल ऑफ म्युझिकला अर्ज करा. २००५ मधल्या १० कोटी डॉलरच्या देणगीमुळे तिथे निवड झालेल्यांना ट्यूशन फी नसते, पण जागा मोजक्याच असतात.

तिच्याशी आणखी एक बोला. गायकांना साथ करण्यातही मास्टर्स करता येतं. जर्मनीतल्या ऑपेरागृहांत गायकांची तालीम घेणारे पियानोवादक पगारावर असतात. एकल मैफलींवर घर चालवणारे फार थोडे, म्हणून मला ही वाट महत्त्वाची वाटते. ती तिला आवडेल का, हे तिलाच ठरवू द्या.

आणि तो पियानो विकू नका. पुढची ऑडिशन तिला त्याच्यावरच बसवायची आहे.