रस्त्याकडेचं गवत कधी कापायचं?

प्रश्न : अण्णा, आमचं रान सोलापूर-बार्शी रस्त्याला लागून आहे, नान्नजच्या अलीकडं. उन्हाळा लागला की रस्त्याकडेचं गवत पेटतं. यंदा कडब्याची गंजी थोडक्यात वाचली. शेजारी म्हणतात, जानेवारीत आपणच पेटवून मोकळं होऊ. दीर म्हणतात, तणनाशक मारू आणि बाभळी तोडू. काय करावं?
— एक वाचक भगिनी, उत्तर सोलापूर

उत्तर : ताई, तिन्हींतलं एकही करू नका.

शेजाऱ्यांनी वनखात्याची माणसं जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून आधीच जाळून ठेवलेला पट्टा, काढताना पाहिली असतील. मी स्वतः त्या कामावर होतो. आधी दोन्ही कडांचं गवत कापायचं, वारा पडलेला बघायचा, पाणी आणि हिरव्या फांद्या घेऊन माणसं उभी करायची आणि मगच काडी ओढायची. घरच्या दोघांनी बांध पेटवणं म्हणजे जाळरेषा नव्हे. माळावरच्या कितीतरी आगी अशा बांधावरूनच आत गेलेल्या असतात, विडीला उगाच बोल लागतो.

शिवाय जाळून कुसळी गवत जात नाही. तिचं बी हातात घेऊन बघा. टोकाला सुई, मागं पिळाची शेपटी. दमट हवा लागली की पीळ फिरतो आणि बी मातीत घुसतं. वरून आग गेली तरी ते आत शाबूत. मारवेल-पवन्यासारखं जनावराच्या कामाचं गवत मात्र दरसालच्या आगीनं मागं पडतं.

तणनाशकानं गवत उभ्याउभ्या वाळतं, म्हणजे पेटायला आणखी सोयीचं!

आपल्याकडं पावसाचा जोर सप्टेंबरात, म्हणून दसरा ते दिवाळी ही कापणीची वेळ. त्याआधी नको, पावसाळ्यात गवतात जमिनीवर अंडी घालणारी पाखरं असतात. माळढोकही त्यातलाच, १९७९ साली नान्नजचं अभयारण्य झालं ते त्याच्याचसाठी. डांबराच्या कडेपासून कुंपणापर्यंत चार बोटं ठेवून कापा आणि कापलेलं त्याच दिवशी उचला. तिथंच पडू दिलं तर कापून उपयोग काय? कुसळं धरायच्या आत कापलं तर म्हशी आवडीनं खातात. यंत्रानं कापायचं तर सकाळी दवात. दुपारी पातं दगडावर घासलं की ठिणगी उडते.

तो पट्टा रस्त्याच्या हद्दीतला आहे, म्हणून ग्रामपंचायतीमार्फत बांधकाम खात्याला अर्ज द्या. नांगर तिथं घालू नका. माती गटारात जाते आणि मोकळ्या जागेवर गाजरगवत माजतं. कुंपणाच्या आत, आपल्या रानात, नांगराची तीन-चार तासं मारून पट्टा उघडा ठेवा.

बाभळी राहू द्या. पेटतं ते बुडातलं गवत. पुरुषभर उंचीपर्यंतच्या लोंबत्या फांद्या आणि वाळके वेल तेवढे काढा. त्याहून वाईट म्हणजे कुंपणाला रचलेले वेड्या बाभळीचे वाळके काटे. ते रस्त्याच्या बाजूला असतील तर आधी हलवा. गंजीही तिथं नको, रानाच्या आतल्या अंगाला, घरापासून लांब रचा आणि भोवतीची जमीन खरवडून ठेवा.

आग दिसलीच तर १०१ किंवा ११२ लावा, अभयारण्याकडं सरकत असेल तर वनखात्याचा १९२६. आणि दिरांना सांगा, धुरात शिरून फांदीनं झोडपायला एकट्यानं जायचं नाही, वाऱ्याच्या तोंडाला तर नाहीच नाही.